किल्ल्याची माती, जुने टायर: अंगणवाडीच्या परड्यातल्या कामाच्या नोंदी

3 नोव्हेंबर 2024, रविवार, भाऊबीज

आमच्या गल्लीत यंदा चार किल्ले झालेत. बेळगावात तर गल्लोगल्ली असतातच, पण आता इकडं खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली पोरंपण मोठमोठे करतात, आमच्या दारातला राजगड माझ्या कमरेएवढा आहे. मोठी पोरं फराळाला आत गेली की बारकी पोरं त्याच्यावर चढतात आणि मग मार खातात. आज भाऊ यायचा होता म्हणून मी ओट्यावर वाट बघत बसले होते आणि तासभर माझ्याच पोरीला बघत राहिले. सव्वातीन वर्षांची आहे. दोन हात टेकते, मग गुडघा, मग पाय, वर पोचली की दोन्ही हात पसरून हळूच उभी राहते, आणि उतरताना मात्र बुडावर बसून घसरत येते. अकरा वेळा चढली, मी मोजलं. हीच पोर घरात मोबाईल दिल्याशिवाय जेवत नाही आणि अंगणवाडीच्या दोन पायऱ्या माझं बोट धरल्याशिवाय उतरत नाही.

संध्याकाळी मोठी पोरं म्हणाली काकू उद्या किल्ला मोडतो, माती कुठं टाकू. मी म्हटलं कुठंच टाकू नका, आठ दिवस राहू दे.

6 नोव्हेंबर, बुधवार

टीचरांशी बोलले. अंगणवाडीच्या मागं परडं आहे, आमच्या घराएवढं तरी असेल, पण रानमोडीचं तण माजलंय आणि कडेला पडलेली दगडांची गडग. "जागा हाय की ओ, पण पावसात दोनदा साप निघाला, तेव्हापासनं मी दारच उघडत नाही," टीचर म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे, पटावर 19 पोरं, आणि आहार, वजन, रजिस्टर सगळं त्यांच्या एकटीच्या डोक्यावर, मदतीला एक आक्का. सुपरवायझर मॅडमना विचारून सांगते म्हणाल्या.

मी आज तिथंच बसले होते आणि फोनचं घड्याळ लावून एकाच पोरीकडं बघत होते, माझी नव्हे, पिवळ्या फ्रॉकवाली, चार वर्षांची आहे. साडेनऊ ते साडेबारा. बसली, उठली, हात धुवायला गेली, परत बसली, खाल्लं, बसली. पळणं, उड्या, चढणं असं म्हणता येईल ते सगळं मिळून 14 मिनिटं, त्यातलीपण नऊ मिनिटं गाण्यावर हात हलवण्याची. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली पाच वर्षाखालच्या पोरांसाठी जे सांगितलंय त्यात तीन-चार वर्षांच्या पोराला दिवसभरात 180 मिनिटं हालचाल पाहिजे, त्यातली निदान 60 मिनिटं दम लागण्यासारखी, आणि मोबाईल-टीव्ही एक तासाच्या वर नको. एका दमात नव्हे, दिवसभरात मिळून. हे वाचून मला माझ्याच घरचा हिशेब आठवला आणि रात्री नीट झोप लागली नाही.

10 नोव्हेंबर, रविवार

परवानगी आली. सकाळी सातला गल्लीतली बारा माणसं, कोयते, खोरी, टिकाव. रानमोडी उपटली, जाळली नाही, गडगेच्या पलीकडं टाकली. गडगेतले सुटे दगड काढून परत नीट रचले, बिळं होती ती बुजवली. यांनी ट्रॅक्टर आणला आणि चारी किल्ल्यांची माती ट्रॉलीत भरून परड्यात ओतली, दोन ट्रॉल्या झाल्या. पोरांनी आपापल्या बुट्ट्या आणल्या होत्या, त्यांना कोण बोलावलं नव्हतं, पण ट्रॉलीतून पडलेली माती बुट्टीत भरून ढिगाऱ्यावर नेऊन ओतायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. मला वाटतं दिवसभरातला सगळ्यात चांगला खेळ तोच होता. वजन उचलून चालताना पोट, पाठ, खांदे सगळं एकदम कामाला लागतं, आणि ओतायला वाकलं की तोल सांभाळावा लागतो.

ढिगारा तीन फूट उंच झाला. एक बाजू लांब, सोप्या चढणीची ठेवली. दुसरी उभी, तिथं वर खुंटी ठोकून दोर बांधणार. पाणी मारून चोपला.

14 नोव्हेंबर, गुरुवार

आज बालदिन म्हणून पोरांना परडं उघडलं. कुणालाच काही सांगायचं नाही असं टीचर आणि मी ठरवलं होतं, नुसतं बघायचं. पाचच मिनिटात मला कळलं की सांगायचं नाही हे आम्हालाच जमत नाही. "पडशील!", "हळू!", "हात धर!" आपोआप तोंडातनं येतं. आक्का तर प्रत्येक पोराच्या मागं हात पसरून फिरत होती. मी मोजलं नाही, पण पहिल्या पंधरा मिनिटात आम्ही तिघींनी मिळून "पडशील" कमीत कमी तीस-चाळीस वेळा म्हटलं असेल, आणि ज्या पोराला म्हटलं ते पोर तिथंच थांबून आमच्याकडं बघायला लागायचं, पाय कुठं ठेवायचा ते सोडून. म्हणजे आम्हीच त्याचं लक्ष पायावरनं काढून घेत होतो. मग टीचरनीच उपाय काढला, बोलायचंच असेल तर पायाबद्दल बोलायचं. "पाय कुठं ठेवणार आता?" "हाताला काय घट्ट लागलं बघ." एवढ्यानं फरक पडला. पोरं खाली बघायला लागली.

पिवळ्या फ्रॉकवाली ढिगाऱ्याजवळ आलीच नाही. भिंतीला टेकून उभी होती. तिची आजी तिला अजून काखेत घेऊन येते.

17 नोव्हेंबर, रविवार

टायर आले. हायवेवरच्या पंक्चरवाल्यानं फुकट दिले, बारा दिले, त्यातले तीन परत केले. कारच्या रेडियल टायरात आत पोलादी तारांचा पट्टा असतो, टायर झिजला किंवा कापला की तारा सुईसारख्या बाहेर येतात, हात फिरवून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. हातमोजा घालून प्रत्येक टायर आतनं बाहेरनं चाचपला, तीनमध्ये तारा लागल्या. ज्याला हे काम करायचंय त्यानं हे सोडू नये. स्कूटरचे आणि जुन्या ट्रकचे नायलॉनवाले चांगले.

दुसरं म्हणजे पाणी. टायरात साठलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांचं घर, म्हणून भाऊजींनी ड्रिलनं प्रत्येकाला खालच्या बाजूला चार-चार भोकं पाडली. पाच टायर अर्धे जमिनीत उभे पुरले, कमानीसारखे, आत माती ठोकून भरली. आडवे चार ठेवले. उंची मुद्दाम वेगवेगळी: एक वीतभर, दोन गुडघ्याएवढे (पोरांच्या), बाकीचे कमरेपर्यंत. सगळे सारख्या उंचीचे केले असते तर दिसायला छान दिसलं असतं, हे म्हणतही होते, पण मग तीन वर्षांच्याला ते अवघड आणि साडेपाचच्याला बाळबोध. वेगवेगळे असले की पोर आपलं आपण ठरवतं आज कुठला.

20 नोव्हेंबर

वाळूची अडचण. उडी मारायच्या जागी मऊ काही पाहिजे. चार फुटापर्यंतच्या पडण्याला निदान 9 इंच वाळू लागते, आणि दबते म्हणून भरतानाच 12 इंच भरायची, आणि वस्तूच्या चारी बाजूला सहा फूट मोकळं. उद्यमबागला एका फाउंड्रीतनं वापरलेली वाळू फुकट मिळत होती, भाऊजींची ओळख, टेम्पो भरून द्यायला तयार. काळी, बारीक, हाताला मऊ लागते. मी नको म्हटलं आणि घरात त्यावरनं दोन दिवस बोलणं झालं. साच्याच्या वाळूत चिकटवायला रसायन घातलेलं असतं, वर वितळलेल्या लोखंडाचे कण, आणि ती इतकी बारीक की फुफ्फुसात जाते. पोरं वाळू तोंडात घालतात. भाऊजी स्वतः तिथं तोंडाला फडकं बांधून काम करतात, मग तीच वाळू पोरांना कशी देणार. शेवटी अर्धा ब्रास धुतलेली वाळू विकत घेतली, पैसे बायकांच्या संघातनं.

24 नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

भाऊजींनी ढिगाऱ्यावर चढायला लोखंडी शिडी वेल्डिंग करून आणली. सुंदर काम, कडा घासलेल्या, निळा रंग. पायऱ्यांमध्ये सहा इंचाचं अंतर, बारक्या पायांना बरं म्हणून. टेकवून ठेवली, मातीत घट्ट रोवायची होती, तेवढ्यात त्यांचाच धाकटा मागच्या बाजूनं आला आणि दोन पायऱ्यांच्या मधनं पाय आत घालून सरकला. पाय गेले, पोट गेलं, छाती गेली आणि डोकं अडकलं. पाय खाली टेकत नव्हते. रडलापण नाही, नुसते डोळे मोठे केले. वहिनींनी खालनं धरून वर उचलला, मी मान सरळ धरली आणि आला तसाच उलटा बाहेर काढला. अर्धं मिनिट असेल. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

मग शोधून वाचलं. बारक्या पोराचं अंग बारीक आणि डोकं मोठं असतं, म्हणून साडेतीन ते नऊ इंचामधली कुठलीही फट धोक्याची, अंग जातं, डोकं राहतं. त्याच्याहून कमी तरी पाहिजे, नाहीतर जास्त. हे मला आधी माहीत पाहिजे होतं, मी पडण्याचाच विचार करत बसले, अडकण्याचा केलाच नाही. शिडी काढली. त्याऐवजी जाड फळी टाकून तिच्यावर आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, खाली फटच नाही. मग अख्खं परडं टेप घेऊन फिरले, गडगेच्या कडेचं जुनं गेट, व्हरांड्याचा कठडा. कठड्याचे दोन गज पाच इंचावर होते, तिथं जाळी मारली.

1 डिसेंबर

कामाला कोण नाही. सगळी भाताच्या सुगीत. आमचंपण मळणी काल संपली. रोज संध्याकाळी अंग दुखतं, लिहायला होत नाही.

4 डिसेंबर, बुधवार

सुगीचा एक फायदा, पिंजार, म्हणजे पेंढा. वाळूच्या खड्ड्याशेजारी भाताच्या पिंजाराचा गुडघाभर थर केला, आणि आडव्या टायरावरनं त्यात उड्या. आधी काठीनं पूर्ण उलटंपालटं करून बघायचं, विंचू-साप म्हणून, आणि ओलं झालं की काढून टाकायचं.

उडीत किती पायऱ्या असतात ते आज कळलं. तीन वर्षांचं पोर उडी मारतोय म्हणतं पण खरं तर एक पाय पुढं टाकून उतरतं, दुसरा मागनं येतो. मग कधीतरी दोन्ही पाय एकदम सुटतात, पण जमिनीवर ताठ गुडघ्यानं धाडकन येतात. शेवटी गुडघे वाकवून, हात पुढं करून, आवाज न करता. माझी पोर पहिल्या पायरीवर आहे. पाच वर्षांचा सुताराचा नातू शेवटच्या. "मांजरासारखं उतर, आवाज आला नाही पाहिजे" एवढं म्हटलं की गुडघे आपोआप वाकतात, वाकव वाकव म्हणून ते होत नाही.

अर्धी पोरं कन्नड घरातली आहेत. "जिगी! जिगी!" (म्हणजे उडी मार) म्हणून ओरडतात, आणि आता आमचीपण घरी ओट्यावरनं "आई जिगी बघ" म्हणते. आत्या हसतात.

8 डिसेंबर, रविवार

तालमीतल्या वस्तादमामांना बोलावलं होतं, वाळू दबून घट्ट झालीय ते दाखवायला. त्यांनी मूठभर घेतली, दाबली, म्हणाले कुस्तीच्या हौदाची माती आम्ही रोज खणतो, न खणता उतरलं तर हाड मोडतं, तुमचंपण तेच. खोऱ्यानं वीतभर खोल उलटी करायची, रोज सकाळी पोरं यायच्या आधी. आक्कानं ते काम घेतलं. त्यात काच, खिळा, मांजराची घाणपण दिसते म्हणाली. रात्री वर ताडपत्री.

मग मामांनी जे केलं ते आम्ही ठरवलंच नव्हतं. पैलवानाला डाव शिकवायच्या आधी पडायला शिकवतात म्हणाले, आणि उकिडवे बसून हनुवटी छातीला लावून स्वतः एका कुशीवर लोळले, सत्तरी ओलांडलेला माणूस. पोरं हरखली. ओळीनं सगळी लोळायला लागली, लाटण्यासारखी, हात डोक्यावर लांब करून ढिगाऱ्याच्या सोप्या उतारावरनं. कोलांटी मात्र फक्त पाच वर्षांच्या तिघांनाच घेऊ दिली, मानेखाली मामांचा हात. बाकीच्यांना नाही.

पिवळ्या फ्रॉकवाली आज लोळली. चढली नाही, पण लोळली, केसात वाळू घेऊन घरी गेली.

15 डिसेंबर

जुन्या साडीच्या चिंध्यांचे चेंडू केले, नारळाएवढे. बारक्यांना झेल येत नाही कारण आपण चेंडू लहान देतो. चार वर्षांचं पोर मोठा चेंडू झेलू शकतं, दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून. टाकताना बघावं तर तीनचं पोर नुसत्या हातानं ढकलतं, थोडं मोठं झालं की ज्या हातानं टाकायचं त्याच बाजूचा पाय पुढं, आणि सुताराचा नातू मात्र उजव्या हातानं टाकताना डावा पाय पुढं टाकून कमरेतनं वळतो. लगोरीच्या सात ठिकऱ्या ठेवल्यात, खानापूरच्या कुंभाराकडच्या फुटक्या कौलाच्या, कडा घासून.

फणसाच्या फांदीला आडवा टायर टांगला, नायलॉनच्या दोरानं. झोक्यात कानाच्या आतल्या नळ्यांमधलं पाणी हलतं, त्यावरनं डोक्याला कळतं आपण कुठं कललो, तोलाला त्याची मदत होते. पण कुणी पांढरं पडलं, घाम आला की लगेच थांबवायचं.

22 डिसेंबर, रविवार

पालकांची बैठक. गुरुवारी एका पोराचा गुडघा चिऱ्याच्या दगडावर खरचटला. त्याची आई चिडून बोलली, आम्ही शिकायला पाठवतो, गुडघे फोडायला नव्हे, खाजगी नर्सरीत ए बी सी डी लिहायला लागली पोरं. चिऱ्याच्या कडांबद्दल तिचं बरोबर होतं, आम्ही तिथंच कबूल केलं, आता सिमेंटचा गिलावा देऊन गोल करतोय. पण लिहिण्याबद्दल मी गप्प बसू शकले नाही. तिच्या पोराला पाटी देऊन खाली बसवलं सगळ्यांसमोर. पाच मिनिटात एक हात जमिनीला टेकला, मग डोकं हातावर, मग आडवा. बोटं दमली नव्हती त्याची, पाठ दमली होती. पाठ आणि खांदा बसल्या जागी स्थिर राहिला की बोटांना सोपं जातं, आणि ती पाठ दोरावर लोंबकळून, चढून, वजन उचलून होते. ती काही बोलली नाही. (नंतर जोडलेलं: दुसऱ्या दिवशी पोराला पाठवलं मात्र.)

बैठक सुटल्यावर एक बाई मागं थांबली, काखेत 20 महिन्यांचं, अजून चालत नाही. घरात सगळे म्हणतात वडीलपण उशिरा चालले. पोरं आपापल्या वेळेनं चालतात हे खरंच आहे, कोणी सव्वाआठ महिन्यांनी, कोणी साडेसतराला, काही तर रांगतच नाहीत आणि थेट उभी राहतात, भारतातल्या पोरांनापण धरून केलेल्या पाहणीतनं हे आकडे आलेत. पण साडेसतरा ही त्याची वरची कड, 20 महिने त्याच्या पलीकडं गेले. मी डॉक्टर नाही, एवढंच म्हटलं की थांबू नका. टीचरनी अंगणवाडीत तपासायला येणाऱ्या सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीमला फोन लावला, 2013 पासून ही तपासणी आहे, फुकट असते.

5 जानेवारी 2025, रविवार

त्या बाळाला बेळगावला दाखवलं, व्यायाम सांगितलेत, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. आई रोज संध्याकाळी परड्यात घेऊन येते, वीतभर टायराला धरून उभं करते. कडेकडेनं चार पावलं टाकतं.

गिलावा झाला. नीलगिरीचा वासा अर्धा जमिनीत पुरला, तोल धरून चालायला. बूट-चप्पल काढूनच, अनवाणी बोटं पकडतात.

परत घड्याळ लावून बसले, पिवळ्या फ्रॉकवालीकडंच. तेवढेच तीन तास. 58 मिनिटं. त्यातली वीसेक दम लागेपर्यंत, दोघी-तिघींबरोबर स्कूटरचा टायर काठीनं पळवण्यात.

14 जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सुट्टी, पण पोरांना दार माहीत झालंय. तिळगूळ खिशात घेऊन सगळी परड्यात. माझी पोर मधल्या टायरावर चढून उभी राहिली, खाली बघितलं, माझ्याकडं नाही बघितलं. खूप वेळ उभी होती. आजी लोकांपैकी कुणीतरी "अगं पड" एवढं म्हटलं आणि पुढचं गिळलं. मग दोन्ही पाय एकदम सुटले. पिंजारात गुडघ्यावर आली, उठली, लगेच परत चढायला.

पिवळ्या फ्रॉकवाली (आज निळा परकर होता) दोर धरून उभ्या बाजूनं ढिगाऱ्याच्या वर गेली आणि तिथनं आजीला हाक मारत बसली. आजी काखेत घ्यायला आली नाही, पायऱ्यांवर बसून तिळगूळ खात बघत होती.

राहिलेलं काम: ढिगारा पायांनी झिजून अडीच फुटावर आलाय, मे संपायच्या आत एक ट्रॉली माती आणि वर हरळी लावायची, नाहीतर पहिल्या पावसात वाहून जाईल. फणसाचा दोर फांदीवर घासून बारीक झालाय, या रविवारी बदलायचा, तोवर झोका वर गुंडाळून ठेवलाय. उन्हाळ्यात टायर तापतात, दुपारी बाराच्या आत खेळणं संपवायचं किंवा वर गोणपाट. खोऱ्याचा दांडा सैल आहे, आक्काला उद्या नवीन देते.